मनोऱ्याखालची जर्मनी

"जरा पुढं सरकू या," एवढंच एलॉय म्हणाला, आणि फर्मिननं "बरं" म्हटलं. बस्स. माणसाचं वाटोळं व्हायला याहून मोठा निर्णय लागत नाही. लोक लग्न करताना विचार करतात, घर घेताना विचार करतात, पण गर्दीत दोन पावलं पुढं सरकताना कुणी विचार करतं का? (करावा. पुढं कोण उभं आहे ते आधी बघून घ्यावं.)

फर्मिन मुळात स्पेनच्या किनाऱ्यावरच्या या तारागोनात असायलाच नको होता. तो सारागोसाचा. तिथंही त्यानं नदीच्या पलीकडच्या बाजूलाच राहायचं, अशी त्याच्या बापाची आज्ञा होती.

बापाचं नाव आन्सेल्मो. बँकेत मॅनेजर होता, रिटायर झाला, तरी घरातल्यांना अजून खिडकीसमोर रांगेत उभं असल्यासारखं वागवायचा. फर्मिननं वकिलीचं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. का, तर दीड वर्ष बाकावर बसून त्याला एकच गोष्ट नीट कळली की आपल्याला या बाकावर बसायचं नाही. (हेच कळायला मोठ्या माणसांना तीस-तीस वर्षं लागतात. मग ती रिटायर होतात आणि पोरांना त्याच बाकावर नेऊन बसवतात.) कॉलेज सोडून तो एका बेकरीत पीठ मळायला लागला आणि आयुष्यात पहिल्यांदा खूष झाला. सोडलं ते सोडलं, वर खूष झाला! बापाच्या हिशेबी हा गुन्ह्यावर गुन्हा होता.

आता मुलानं कॉलेज सोडलं तर बाप काय करतात? ओरडतात, आईला दोष देतात, दोन दिवस जेवत नाहीत. आन्सेल्मोनं यातलं काही केलं नाही. त्यानं मुलाला सरळ जर्मनीला पाठवून दिलं.

म्हणजे तिकीट काढून नव्हे, तोंडानं. शेजाऱ्यांना सांगितलं, चर्चच्या पायरीवर सांगितलं, पत्त्यांच्या टेबलावर सांगितलं, "पोरगा वर्षभरासाठी जर्मनीला गेलाय. युनिव्हर्सिटीनंच पाठवलाय. निवडक मुलंच घेतात ना." आणि ज्याला जर्मनीला पाठवलं होतं त्याला गाठून दम भरला, "पुलाच्या अलीकडं दिसलास तर याद राख."

हेही फर्मिननं चालवून घेतलं असतं. जर्मनी काही वाईट देश नाही. पण त्याच्या बहिणीचं, इनेसचं, लग्न ठरलं. मुलगा चांगला होता, मुलाचा बाप बासिलिओ औषधाच्या दुकानाचा मालक होता, दुकान तीन पिढ्यांचं होतं, आणि अशा व्याह्यांना जर्मनी सांगितल्याशिवाय आन्सेल्मोला राहवणं शक्यच नव्हतं.

"लग्नाला तुला यायला जमणार नाही," बापानं फोनवर जाहीर केलं. "त्या दिवशी तुझी परीक्षा आहे."

"कुठं?"

"जर्मनीत."

"बाबा, मी जर्मनीत नाहीये."

"म्हणून तर सांगतोय, येऊ नकोस!"

इनेस रडली. भाऊ नसेल तर चर्चमध्ये पाऊल टाकणार नाही म्हणाली. मग बाप ओरडला, तेव्हा टाकीन म्हणाली. फर्मिन जगातल्या कुठल्याही समारंभाला लाथ मारायला तयार होता; बारशी, वाढदिवस, पदवीदान, काढा यादी. पण हे एक लग्न त्याला हवं होतं. आई-बाप एकमेकांशी अबोला धरायचे तेव्हा ज्या बहिणीनं त्याला स्वयंपाकघरात बसवून अंडी तळून घातली, तिच्या लग्नात त्याला पहिल्या रांगेत बसायचं होतं. आणि ते जमत नव्हतं, कारण तो परदेशात होता.

म्हणून रविवारी एलॉयनं त्याला तारागोनाला ओढून आणलं. तिथं सांता तेक्ला या संतिणीचा उत्सव, वर समुद्र. एलॉय गॅरेजात मेकॅनिक, फर्मिनचा शाळेपासूनचा दोस्त, आणि स्थळदर्शनाच्या बाबतीत अगदी राक्षस. त्याचा सिद्धांत असा, की डोळ्यांनी काय कोणीही बघेल, हात लावला तरच बघितलं म्हणायचं. रोमन लोकांच्या रंगमंडपात त्यानं एकेक दगड असा थोपटला, जणू इंजिन कुठं गरम झालंय ते तपासतोय. पहारेकरी ओरडला तेव्हा एलॉय म्हणाला, "दोन हजार वर्षं टिकलेत ना साहेब, माझ्या हातानं काय होतंय?" पहारेकऱ्यानं दोघांना बाहेर काढलं. कॅथेड्रलमध्ये त्यानं खांब थोपटला, तिथून एका म्हातारीनं काढलं. शेवटी दोघं समुद्रावरच्या एका सज्ज्यात गेले. तिथल्या लोखंडी कठड्याला हात लावून लोक नशीब मागतात, म्हणजे निदान तिथं तरी हात लावायला परवानगी होती.

"माग काहीतरी," एलॉय म्हणाला.

"बाप सुधारू दे."

"अरे लोखंड आहे ते. संत नाही."

मग दोघांनी त्या उत्सवातलं हिरवं, बर्फाळ, लिंबू घातलेलं पेय प्यायलं. ते सरबतासारखं लागतं आणि दारूसारखं चढतं. त्यामुळं दुपारी चौकात पोचेपर्यंत फर्मिनच्या अंगात धैर्य नव्हतं, पण तसलंच काहीतरी भरलं होतं. चौकात टोळ्या माणसांचे मनोरे रचत होत्या. (वर फोडायला हंडी नाही, बक्षिसाची दोरी नाही. आठ थर रचायचे, सगळ्यात वर एक पोर चढवायची, तिनं हात वर करायचा आणि पुन्हा सगळ्यांनी शहाण्यासारखं खाली उतरायचं. एवढ्यासाठी वर्षभर घाम गाळतात. याला म्हणतात श्रद्धा.)

"जरा पुढं सरकू या," एलॉय म्हणाला, आणि ते सरकले.

पुढं मोहरीच्या रंगाचे शर्ट घातलेली टोळी आपल्या मनोऱ्याचा तळ बांधत होती. तळ म्हणजे दोन-अडीचशे माणसं एकमेकांना अशी घट्ट चिकटलेली, की मधे वाऱ्यालाही शिरता येऊ नये. टोळीची प्रमुख मेरितशेल नावाची बाई होती, आखूड केसांची, घसा बसलेली, आणि तिची नजर पोलिसासारखी. तिनं या दोघांना हेरलं.

"तुम्ही दोघं! बघत काय बसलात? हात आहेत ना?"

"आहेत की!" एलॉयला आनंदानं भरून आलं. दिवसभरात पहिल्यांदा कुणीतरी आपण होऊन त्याला हात लावायला सांगत होतं.

"आम्ही इथले नाही," फर्मिन म्हणाला. "सारागोसाचे."

"मग तर बरंच. तिकडची माणसं हट्टी, जागची हलत नाहीत. घड्याळ काढ, चष्मा काढ, चल." आणि तिनं फर्मिनला मानगुटीला धरून त्या गर्दीत बसवलं, जसं बरणीत शेवटचं लोणचं दाबून बसवतात. "हात वर. पुढच्याच्या खांद्यांवर टेकव. छाती त्याच्या पाठीला लाव. मान खाली. वर बघायचं नाही, बोलायचं नाही, हलायचं नाही. वर लहान लेकरं जातात. कळलं?"

"कळलं."

"काय झालं तरी हात काढायचा नाही."

"नाही काढत!"

हे त्यानं ज्या आवेशात सांगितलं, तो आवेश त्या हिरव्या पेयाचा होता. मागून एलॉय येऊन चिकटला, एलॉयच्या मागं आणखी कुणी, त्याच्यामागं आणखी कुणी. कडेनंही माणसं दाबत आली. फर्मिननं हात पुढच्याच्या खांद्यांवर ठेवले, मान खाली घातली. नाकाखाली पुढच्या माणसाचं डोकं आलं.

त्या डोक्याला लव्हेंडरच्या कलोनचा वास येत होता. डोक्याच्या मधोमध बशीएवढं टक्कल होतं, आणि टकलाच्या काठावर मसुराच्या डाळीएवढा तीळ.

फर्मिननं हा तीळ बावीस वर्षं बघितला होता. जेवणाच्या टेबलाशी, पेपराच्या वर, गाडीच्या पुढच्या सीटवर. मनुष्य आपल्या बापाला चेहऱ्यावरून ओळखतो असं म्हणतात. चूक. जो बाप सतत पाठ फिरवूनच बसलेला असतो, त्याला माणूस मागून ओळखतो.

त्यानं मागं सरकायचा प्रयत्न केला. मागं एलॉय होता, म्हणजे भिंत. बाजूला भिंत. पुढं बाप.

"एलॉय," तो पुटपुटला, "पुढं माझा बाप आहे."

"मस्त! कुटुंब आलंय?"

"मला बाहेर काढ!"

"आता? मला माझं नाक खाजवता येईना, तुला कुठून काढू?"

पुढचं टक्कल ताठ झालं. मान वळवायला जागा नव्हती, म्हणून टकलानं समोरच्याच्या पाठीत तोंड खुपसून विचारलं, "मागं कोण आहे?"

फर्मिनला खोटं बोलता आलं असतं. पण घरात खोटं बोलायचं खातं बापाकडं होतं.

"मी," तो म्हणाला. "जर्मनीहून आलोय."

टकलाला घाम फुटताना फर्मिननं अगदी जवळून बघितला. आधी एक थेंब, मग सगळीकडून.

"हळू बोल, गाढवा!" बाप दातओठ खात कुजबुजला. "शेजारी बासिलिओ आहेत! तू इथं काय करतोयस? नदी ओलांडू नको म्हटलं होतं ना तुला!"

"ही तुमची नदी नाही. हा समुद्र आहे."

"निघ इथून!"

"कसा निघू? तुम्ही निघा."

"मी कसा निघू?"

दोघांनाही निघता येत नव्हतं, हे दोघांनाही एकदम कळलं. गेल्या वर्षभरात बापलेकांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट.

डावीकडं एक धिप्पाड माणूस हात वर करून उभा होता. त्याचं तोंड पलीकडं वळलेलं. तो मोठ्या उत्साहानं ओरडला, "व्याहीबुवा! मजा येतेय ना? तुम्ही उगाच नको नको म्हणत होतात! कुणाशी बोलताय?"

हा बासिलिओ. व्याही-विहिणीला उत्सव दाखवायला तारागोनाला त्यानंच आणलं होतं. दोन्ही विहिणी सावलीत बसून गोगलगायी घातलेला मासा खात होत्या, आणि मनोऱ्यात घुसायची हौस बासिलिओची होती. आन्सेल्मो आपल्या बायकोला, मुलीला, कारकुनांना, डॉक्टरालाही 'नाही' म्हणत आला होता. पण व्याह्यांना 'नाही' म्हणायची त्याची छाती नव्हती.

"कुणी नाही हो," आन्सेल्मो म्हणाला. "मागं एक पर्यटक आहे. परदेशी."

"कुठला?"

माणसाच्या डोक्यात जे वर्षभर घोळतं तेच ऐनवेळी तोंडातून बाहेर पडतं.

"जर्मन," आन्सेल्मो म्हणाला.

"जर्मन!" बासिलिओला हर्षवायू झाला. "अहो, माझं अख्खं बालपण श्टुटगार्टला गेलं! माझे वडील तिथं कारखान्यात होते!"

हे आन्सेल्मोला माहीत नव्हतं. (खोटं बोलणाऱ्यानं समोरच्याचं बालपण आधी विचारून घ्यावं. पण मोठी माणसं समोरच्याला त्याच्या दुकानाखेरीज काही विचारतच नाहीत.) बासिलिओनं पलीकडं तोंड ठेवूनच खणखणीत जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. चांगलं लांबलचक वाक्य होतं, शेवटी प्रश्नचिन्ह होतं.

"उत्तर दे," बाप पुटपुटला.

"मला जर्मन येत नाही!"

"वर्षभर काय केलंस मग तिथं?"

फर्मिन क्षणभर थक्क झाला. बापानं ही थाप इतक्या वेळा मारली होती, की आता ती त्याला स्वतःलाच खरी वाटायला लागली होती.

"एलॉय," फर्मिननं मागं हाक मारली, "तुला जर्मन येतं?"

"स्पेअर पार्टच्या खोक्यांवर असतं तेवढं."

"मग बोल काहीतरी!"

एलॉयनं छाती भरून घेतली आणि फर्मिनच्या कानाजवळून गर्जना केली, "आख्तुंग!"

"सावधान म्हणतोय!" बासिलिओ दचकला. "का? काय झालं? वर काही घसरलं का? सावधान हो, सावधान!"

झालं. त्या कोपऱ्यातली वीस माणसं एकदम ताठली. कुणी "काय झालं?" विचारलं, कुणी "सावधान" पुढं पोचवलं, आणि आन्सेल्मो जागच्या जागी हलायला लागला. ते हलणं त्याच्या पाठीतून फर्मिनच्या छातीत आलं, छातीतून एलॉयच्या पोटात गेलं.

"तिकडं बडबड कोण करतंय?" मधूनच मेरितशेलचा बसका आवाज आला. "गप्प बसा! पोरं चढतायत!"

आणि खरंच पिपाण्या वाजायला लागल्या. तळातल्या माणसांना वरचं काही दिसत नाही. त्यांना पिपाण्यांच्या सुरावरून कळतं, थर कुठवर गेलेत ते. सूर चढत गेला. मग पाठीमागून काहीतरी हलकं, उबदार सरपटत आलं. एक अनवाणी पाऊल फर्मिनच्या खांद्यावर पडलं, दुसरं थेट आन्सेल्मोच्या टकलावर. सगळ्यात वर जायची ती पोर, डोक्याला हेल्मेट, समोरचे दोन दात पडलेले.

"सॉरी हं, आजोबा," ती म्हणाली आणि पुढं गेली.

"आजोबा!" आन्सेल्मो कळवळला. त्या दिवशी त्याला झालेल्या सगळ्या जखमांत ही सर्वांत खोल होती.

पण त्या पावलानं फर्मिनच्या अंगातलं हिरवं पाणी खाडकन उतरलं. वर लेकरू चाललं होतं. आणि पुढं त्याचा बाप हळूहळू कडेला वळायला बघत होता. एक खांदा सैल केला होता, डोकं काढून घेऊन खालून निसटायचा बेत. व्याह्यासमोर उघडं पडण्यापेक्षा आठ थर कोसळले तरी चालतील, असं गणित मोठी माणसंच मांडू शकतात.

"हलायचं नाही," फर्मिन म्हणाला.

"तू मला सांगतोस?"

"हो, मीच सांगतोय. हात वर करा. खांदा लावा. पोर वर आहे."

आणि आन्सेल्मोनं हात वर केला. फर्मिनच्या बावीस वर्षांच्या आयुष्यात बापानं त्याचं ऐकलेलं हे पहिलं वाक्य. त्याला एवढा जोर चढला, की त्यानं ठरवलं, आता दुसरंही ऐकवू. यापेक्षा चांगली संधी मिळणार नव्हती. बापाला उठून जाता येत नव्हतं, दार आपटता येत नव्हतं, फोन ठेवता येत नव्हता.

"बासिलिओ काका," तो स्वच्छ स्पॅनिशमध्ये मोठ्यानं म्हणाला, "मी जर्मन नाही. मी इनेसचा भाऊ. वकिली सोडली, आता बेकरीत पाव करतो. परीक्षा-बिरीक्षा काही नाही. मला माझ्या बहिणीच्या लग्नाला यायचंय."

वर पिपाण्या वाजत होत्या, खाली दोनशे माणसं पुढच्याच्या पाठीत तोंड खुपसून कान टवकारून उभी होती. पहिला आवाज कुणाच्या तरी काखेतून आला.

"बेकरीत? मग काय वाईट आहे?"

"माझ्याही पोरानं सोडलं कॉलेज," दुसरा म्हणाला. "दिवसभर सोफ्यावर लोळतो. हा निदान पाव करतो."

"बहिणीच्या लग्नाला येऊ देत नाहीत? कोण बाप आहे हा?"

"तो टकलू. लव्हेंडरवाला."

"अहो टकलू, लाज वाटू द्या थोडी!"

"मला बोलायचं नाहीये!" आन्सेल्मो ओरडला. "हा आमचा घरगुती प्रश्न आहे!"

"मग घरी सोडवायचा," मागून कुठूनतरी एक बाई म्हणाली. "आमच्या पाठीवर कशाला आणलात?"

"गप्प!!" मेरितशेल किंचाळली. "सहावा चढला!"

"ताई, एकच मिनिट," एलॉय म्हणाला, "लग्नाचं ठरतंय."

आन्सेल्मोनं आता अंग पार सोडून दिलं. तो फर्मिनच्या छातीवर रेलला, अख्खा, कलोनसकट, पेन्शनसकट. फर्मिननं पाय रोवले. पीठ मळून मळून त्याच्या दंडांना जे काही आलं होतं ते सगळं त्यानं पणाला लावलं.

"फर्मिन," बाप अगदी बारीक आवाजात म्हणाला, "सोडू नकोस मला."

"नाही सोडत. लग्नाला येऊ?"

"हे ब्लॅकमेल आहे."

"आहेच."

बाप धापा टाकत म्हणाला, "कार्ट्या, वकिलीच करायला हवी होतीस."

"व्याहीबुवा," डावीकडून बासिलिओचा आवाज आला. आता त्यात उत्साह नव्हता, नुसता प्रश्न होता. "हा खरंच तुमचा मुलगा?"

पळायला वाट नव्हती. मान वळवून दुसरीकडं बघायची सोयही नव्हती. आन्सेल्मोच्या समोर एका अनोळखी माणसाची घामट पाठ होती, मागं पोटचा पोरगा होता, आणि दोन्ही हात वर होते, दरोडेखोरांनी पकडलेल्या माणसासारखे.

"हो," तो शेवटी म्हणाला. आणि आवाज कमी पडला असं त्यालाच वाटलं असावं, म्हणून ओरडला, "हो! माझाच आहे! बेकरीत आहे! पाव करतो! चांगले करतो म्हणतात! आणि लग्नाला येणार आहे!"

त्याच क्षणी पिपाण्यांचा सूर फिरला. वर त्या दात पडलेल्या पोरीनं हात उंचावला होता. सगळा चौक एकदम गर्जला, टाळ्या, शिट्ट्या, बाल्कन्यांतून रुमाल. वर बघायला मनाई असल्यामुळं आन्सेल्मोला क्षणभर वाटलं, हे सगळं आपल्या कबुलीसाठीच चाललंय. त्याची मान थोडी ताठही झाली.

"अजून उतरायचंय!" मेरितशेल ओरडली. "कुणी सैल पडू नका!"

कुणी सैल पडलं नाही. पोर उतरली, पुन्हा टकलावर पाय देऊन, या वेळी सॉरी न म्हणता. मग एकेक थर खाली आला, खांद्यांवरून घसरत, श्वास टाकत, आणि शेवटी तळ सुटला. दोनशे माणसांचा गोळा फुटून चौकभर पसरला. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, रडत होते, अनोळखी माणसं फर्मिनच्या पाठीवर थापा मारून सांगत होती, "लग्नाला जा हं, बेकरी!" एका बाईनं तर आन्सेल्मोच्या गालाचा मुका घेऊन "आता कसं!" म्हटलं.

बापलेक समोरासमोर उभे राहिले. इतका वेळ चिकटून असताना सोपं होतं. आता मधे हातभर अंतर होतं आणि काय करायचं ते दोघांनाही सुचेना. शेवटी आन्सेल्मोनं फर्मिनच्या शर्टाची कॉलर नीट केली. (त्या घराण्यात याला मिठी म्हणतात.)

बासिलिओ कंबरेवर हात ठेवून आला. आन्सेल्मोचा चेहरा पडला. "व्याहीबुवा, तुम्हाला काय वाटत असेल..."

"मला एकाच गोष्टीचं वाईट वाटलं," बासिलिओ म्हणाला. "पोराच्या परीक्षेसाठी मी पिलारच्या देवीला मेणबत्ती लावून आलो होतो. चांगली मोठी, हातभर."

"माफ करा हो..."

"असू दे. आता ती बेकरीसाठी धरा." आणि त्यानं फर्मिनचा दंड दाबून बघितला. "लग्नात माझ्या टेबलावर बसायचं. तुझ्या बापाच्या नाही. तिथं फार थापा चालतात."

फर्मिन जिंकला होता. जगातल्या कुठल्याही मुलानं बापाशी भांडून जे मिळवलं नसेल ते त्यानं दोनशे साक्षीदारांसमोर मिळवलं होतं. त्यानं लगेच इनेसला फोन लावला. ती आधी किंचाळली, मग रडली, मग म्हणाली, "सूट आहे का तुझ्याकडं?" नव्हता. पण त्या क्षणी तो पिठाच्या पोत्यातही शोभून दिसला असता.

तोवर आन्सेल्मो सावलीतल्या टेबलाशी पोचला होता आणि दोघी विहिणींना हात पसरून हकिकत सांगत होता. फर्मिननं जवळ जाऊन ऐकलं. "पोरानं अख्खा मनोरा छातीवर पेलला!" बाप सांगत होता. "मी पुढं, तो मागं. मीच म्हटलं त्याला, बाळ, हलू नकोस!" आणि बेकरीला तो आता 'अन्नप्रक्रिया क्षेत्र' म्हणत होता. म्हणजे जर्मनी गेली आणि हे आलं. पण फर्मिनला राग आला नाही. खरं सांगायचं तर छातीवर पेलल्याचं त्यालाही पटायला लागलं होतं. दंड दुखत होते. आठ थर! लेकराच्या जिवाची जबाबदारी! आणि बापाचं सगळं वजन वर!

हे कुणीतरी जाणकारानं मान्य करावं, असं त्याला वाटलं. तो मेरितशेलला शोधत गेला. ती पाण्याची बाटली डोक्यावर ओतत होती.

"ताई," तो शक्य तितक्या सहज म्हणाला, "मी त्या कोपऱ्यात होतो. मधे जरा हललं. पण मी धरून ठेवलं."

मेरितशेलनं डोळे पुसले आणि त्याला ओळखलं. "अच्छा, तो लग्नाचा कोपरा. कुठं हललं?"

"मनोरा."

"मनोरा कुठं हलला? वर काडीसुद्धा हलली नाही. हलत होता तो फक्त तुझा बाप."

"पण वजन..."

"वजन मधल्यांवर असतं रे. ती आमची माणसं. वर्षभर तालीम केलेली." तिनं बाटलीचं झाकण लावलं. "पाहुण्यांना आम्ही त्या कडेला लावतो. एक तर पोरांना वर जायला रस्ता होतो, आणि दुसरं म्हणजे, वरून कुणी पडलंच तर मऊ काहीतरी खाली असावं लागतं."

मेरितशेलनं त्याला वरपासून खालपर्यंत एकदा नीट न्याहाळलं, दुकानात उशी बघतात तसं. मग पुढं होऊन त्याच्या पोटात दोन बोटं दाबली. बोटं आरामात आत गेली.

"बेकरीत आहेस ना?" ती समाधानानं म्हणाली. "मग पुढच्या वर्षी नक्की ये."